किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स) आकाशगंगा: तारे लांबट, आकाश नारिंगी. काय चुकतंय?

गच्चीवरचा_ध्रुव:
फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प, विषय 'रात्र आणि निसर्ग'. कॅमेरा निकॉन डी५६००, लेन्स एएफ-पी १८-५५, साधा ट्रायपॉड. एप्रिलच्या मध्यावर वांगणीला रात्री १० ते १२ शूट केलं. १८ मिमी, एफ ३.५, ३० सेकंद, आयएसओ ६४००, जेपेग, ऑटो व्हाइट बॅलन्स. तारे तांदळाच्या दाण्यासारखे आलेत. पहिले दोन फोटो शार्प आणि पुढचे सगळे मऊ, फोकसला हात न लावता! आकाश नारिंगी, आणि आकाशगंगा तर दिसतच नाही. मुलुंडच्या गच्चीवरून नुसता दुधाळ उजेड येतो. लाइट पोल्युशन फिल्टर घेऊ की ५० मिमी एफ १.८? जूनच्या आधी काजवेही करायचे आहेत.

मूळ_नक्षत्र:
काहीही विकत घेऊ नकोस. तुझी आकाशगंगा तेव्हा धड उगवलीच नव्हती.

तिचा तेजस्वी भाग धनु-वृश्चिकात, मूळ नक्षत्राच्या जवळ आहे. आपल्याकडून तो एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेअकराच्या सुमारास आग्नेयेला क्षितिजावर येतो. फोटोजोगा वर चढतो ३ नंतर, आणि ५ वाजल्यापासून पहाटेचा उजेड सुरू होतो. म्हणजे हातात दोन तास. मार्चमध्ये पहाटे साडेचार-पाच गाठावे लागतात, मेच्या मध्यावर मध्यरात्रीपासूनच मिळते. दक्षिणेला असतानाही ती मुंबईच्या अक्षांशावर ४२ अंशांच्या वर जात नाही, म्हणून त्या दिशेला गाव किंवा हायवे नको. वांगणीचं बरं आहे, बदलापूर-कल्याणचा उजेड पाठीमागे राहतो. अमावस्येच्या चार दिवस अलीकडे-पलीकडे जा.

आता तांदळाचे दाणे. ३० सेकंदांत त्या भागातला तारा तुझ्या सेन्सरवर सुमारे ९ पिक्सेल सरकतो. तारे ठिपके राहावेत म्हणून वापरतात तो ५०० भागिले २७ हा नियम (२७ म्हणजे १८ मिमी × १.५, तुझ्या लहान सेन्सरमुळे) १८ सेकंद देतो, पण २४ मेगापिक्सेलला तोही ढिला पडतो. त्याहून काटेकोर एनपीएफ सूत्र धर, (३५ × एफ-नंबर + ३० × पिक्सेल) ÷ मिमी: (३५ × ३.५ + ३० × ३.९) ÷ १८, म्हणजे १३ सेकंद. त्यातला ३.९ हा पिक्सेलचा आकार, मायक्रॉनमध्ये. १३ सेकंद, आयएसओ ३२००, जेपेगऐवजी रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा), आणि नारिंगी छटेसाठी व्हाइट बॅलन्स ऑटोऐवजी ३८०० केल्विनवर लॉक. असे १६ फोटो लागोपाठ काढून सिक्वेटर या सॉफ्टवेअरमध्ये जुळव, 'फ्रीझ ग्राउंड' (जमीन स्थिर ठेवणारा पर्याय) चालू ठेवून. १६ फोटोंच्या सरासरीत नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) चौथ्या हिश्शावर येतो.

फोकस आपोआप बिघडण्याचं कारण तुझी लेन्स. एएफ-पीचं फोकस रिंग मोटरवर चालतं. कॅमेरा स्टँडबायला (झोपेत) गेला की फोकसची जागा हलू शकते. 'ऑटो ऑफ टायमर्स'मध्ये वेळ जास्तीत जास्त कर. मॅन्युअल फोकस, लाइव्ह व्ह्यू, अभिजित किंवा ज्येष्ठासारखा ठळक तारा पूर्ण झूम करून तो सर्वांत लहान दिसेपर्यंत फिरव. नंतर लेन्सचं झूम हललं तर सगळं परत. ऑप्टिकल व्हीआर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) मेन्यूतून बंद कर, लेन्सवर बटण नाही त्याला. ट्रायपॉडचा मधला दांडा खाली, त्याला बॅग लटकव.

शेवटची_कर्जत:
फिल्टरबद्दल: सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा प्रकाश अरुंद पट्ट्यात असतो, तो गाळता येतो. आता रस्त्यांवर एलईडी, त्यांचा प्रकाश सगळ्या वर्णपटात पसरलेला. पैसे पाण्यात. ५० मिमी तर या कामाला फारच अरुंद. पुढे कधी घेतलंसच तर सेकंडहँड टोकिना ११-१६ एफ २.८ बघ; जुन्या आवृत्तीत तुझ्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस चालत नाही, पण इथे तो नकोच आहे.

मुलुंडच्या गच्चीवरून आकाशगंगा सोड, तारकारेषा (ताऱ्यांच्या फिरण्याच्या गोल रेघा) कर. उत्तरेकडे तोंड, ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून फक्त १९ अंशांवर, त्यामुळे उत्तरेला टॉवर असेल तर गच्ची बदल. आडव्या फ्रेममध्ये खालच्या इमारतींसकट तो आरामात मावतो. एफ ४, ८ सेकंद, आयएसओ ४००, इंटरव्हल (दर फोटोमागे) १० सेकंद. मधल्या २ सेकंदांत तारा एक पिक्सेलही हलत नाही, रेघ तुटत नाही. एका तासात ३६० फोटो आणि १५ अंशांचा कंस. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंदच हवं. ते चालू असलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडकतो आणि रेघांना भोकं पडतात. फोटो स्टारस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये जोड. दुसरी बॅटरी खिशात असू दे.

गच्चीवरचा_ध्रुव:
दादा, ८ सेकंदांत आकाश पांढरं नाही होणार? आणि काजवे?

शेवटची_कर्जत:
हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) डोंगर डाव्या एक-तृतीयांशावर राहिला पाहिजे. उजवीकडे गेला तर आयएसओ २००.

हिरडा_बेहडा:
काजवे मेच्या शेवटी ते पहिल्या जोरदार पावसापर्यंत. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची. तिथे उजेड असताना पोचायचं. सूर्यास्तानंतर २०-२५ मिनिटांनी झाडाचा एक निळसर फोटो घ्यायचा, त्यानंतर ट्रायपॉडला शिवायचं नाही. फोकस त्याच वेळी, आणि वर सांगितलेला स्टँडबायचा घोळ इथेही आहे. अंधार पडल्यावर आयएसओ १६००, एफ ३.५, २० सेकंद, असे ४०-५० फोटो. फोटोशॉपमध्ये निळ्या फोटोवर हे थर 'लायटन' मोडमध्ये (दोन्हीतला जास्त उजळ भाग दिसतो). मिनिटभराच्या एकाच एक्स्पोजरवर भागवू नका, कोणीतरी टॉर्च मारला की अख्खा फोटो जातो. ५० मधून एक वगळणं सोपं.

फ्लॅश आणि एएफ असिस्टचा (फोकसला मदत करणारा) दिवा बंद, कार्डाच्या लाल दिव्यावर काळी टेप. उजेडाने काजव्यांचे मिलनाचे इशारे विस्कटतात. वाट सोडून गवतात शिरू नका, माद्या आणि अळ्या तिथेच जमिनीलगत असतात. यात्रेसारखी गर्दी होते हल्ली, शनिवार टाळा.

एसी गाडीतून उतरल्यावर बॅग अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर काचेवर लगेच वाफ. दव पडत असेल तर यूएसबीवर चालणारी हीटर पट्टी लेन्सच्या तोंडाशी, पॉवर बँकवर.

मूळ_नक्षत्र:
आणि शर्टाने काच पुसू नकोस, ओला थर पसरतो आणि प्रत्येक ताऱ्याभोवती वलय येतं. परत आल्यावर लेन्स सिलिका जेलच्या डब्यात. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटातल्या लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही.