डिस्क, कॅसेटी आणि स्टीम: सगळ्याची नोंद एका जागी कशी ठेवावी? (बडोदा)

दांडियाबाजार_८बिट

नमस्कार मंडळी. प्लेस्टेशनच्या (पीएस२, पीएस३ आणि पीएस४) मिळून सव्वाशे डिस्क, चाळीसेक गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटी, जुन्या टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटींचा एक डबा, शिवाय स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले पीसी गेम. एक्सेलमध्ये यादी आहे: नाव, कन्सोल, किंमत. पण जुना माल बघताना गेम घरी आहे की नाही ते पटकन कळत नाही आणि डबल घेतला जातो. अ‍ॅपमधून बारकोड स्कॅन केला तर भलत्याच देशाचं कव्हर येतं. एकाच गेमच्या दोन प्रती असल्या की कोणती कुठली, हाही घोळ. अ‍ॅप घ्यावं की एक्सेलच सुधारावं?

रावपुरा_रेट्रो

एक्सेलच सुधारा, पण ओळ गेमची नको, प्रतीची हवी. सार्वजनिक ग्रंथालयं उभारणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या गावात हे वेगळं सांगायला नको: ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या पाच प्रती आल्या तर पाच दाखल क्रमांक पडतात. तसंच इथे करा. ०००१ पासून सरळ क्रमांक. त्यात कन्सोल, अ‍ॅक्शन, रेसिंग असलं काही कोंबू नका. गेम अ‍ॅक्शन की अ‍ॅडव्हेंचर यावर अडलात की सगळी पद्धत कोलमडते. ती माहिती वेगळ्या रकान्यात.

बारकोडपेक्षा सिरियल नंबर भरवशाचा. पीएस२ मध्ये एसएलईएस किंवा एससीईएस म्हणजे युरोपची (पाल या टीव्ही-पद्धतीची) आवृत्ती, एसएलयूएस म्हणजे अमेरिकेची, एसएलपीएस/एसएलपीएम म्हणजे जपानची. पीएस३ ला बीएलईएस, बीएलयूएस वगैरे, पीएस४ ला सीयूएसए आणि पुढे पाच आकडे. डिस्कवरचाच नंबर लिहा, कव्हरवरचा नको, कारण जुन्या मालात डबीत भलतीच डिस्क सर्रास निघते. पीएस४ ला तर हे फारच महत्त्वाचं: डीएलसी (गेमचा नंतर घ्यायचा जादा भाग) त्याच प्रदेशाच्या स्टोअरमधला लागतो, दुसरा डाउनलोड होतो पण डिस्कवरच्या गेमला जोडला जात नाही.

बारकोडही लिहायचा असेल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग आकडे भरा. नाहीतर अमेरिकन बारकोडचं सुरुवातीचं शून्य उडतं आणि १३ आकडी बारकोड ५.०३ई+१२ असा दिसायला लागतो. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली तरी हेच होतं. ती ‘इम्पोर्ट’ करायची.

डबी, बुकलेट, डिस्क यांना तीन वेगळे रकाने. प्रत्येकात ड्रॉपडाउन: ‘आहे’, ‘हरवलं’, ‘मुळातच नव्हतं’. पीएस४ च्या बहुतेक गेमसोबत बुकलेट येतच नाही. तिथे नुसतं ‘नाही’ लिहिलं तर नंतर प्रत अपुरी वाटते.

आणि ‘कंडिशन: चांगली’ असं लिहूच नका, त्यातून काही कळत नाही. काय दिसतं ते लिहा: ‘खालच्या बाजूला १ सेमी ओरखडा, आडवा’. मधल्या भोकाकडून कडेकडे गेलेला ओरखडा डिस्क बहुधा पचवते; गोलाकार, म्हणजे ट्रॅकच्या दिशेने गेलेला, जास्त त्रास देतो, कारण सलग डेटा जातो आणि चूक-दुरुस्तीला आधार उरत नाही. पीएस२ च्या निळ्या बुडाच्या डिस्क सीडी असतात. त्यांची छापील बाजूही तपासा, तिथे डेटाचा थर लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. डीव्हीडीत तो दोन ०.६ मिमी थरांच्या मध्ये सुरक्षित.

कॅसेट_फुंकू_नका

डिस्कचं वर आलंच आहे, मी कॅसेटींचं सांगतो. पिवळ्या कॅसेटींना (६० पिनच्या) ना बारकोड ना सिरियल, आणि लेबलवर ‘९९९९९९ इन १’ लिहिलेलं असलं तरी आत तेच मोजके गेम फिरून फिरून येतात. लेबलवरचं नाव एका रकान्यात, चालू केल्यावर पडद्यावर येतं ते दुसऱ्यात. दोन सारख्या लेबलांच्या कॅसेटींत वेगळे गेम निघतात, म्हणून मेनूचा फोटो काढून फाइलला दाखल क्रमांकाचंच नाव द्या.

अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटींत ‘असली/नकली/तपासायची आहे’ असा रकाना पाहिजेच. लेबल तिरकं धरून उजेडात बघा: असलीवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, शाईने छापलेले नसतात. पिनांच्या वर सर्किटवर बारीक ‘निन्टेन्डो’ असतं. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा. एका खुणेवर निकाल देऊ नका, नकली करणाऱ्यांनाही स्क्रू मिळतो.

बॅटरीचाही रकाना ठेवा. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये सीआर२०२५ असते. सेव्ह (साठवलेला खेळ) आणि घड्याळ दोन्ही तिच्यावर, त्यामुळे काढली की सेव्ह गेला. रुबी, सफायर, एमेरल्डमध्ये सीआर१६१६ फक्त घड्याळासाठी, सेव्ह टिकतो. बदलल्याची तारीख लिहा आणि पत्र्या जोडलेलीच बॅटरी घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डरिंग केलं तर तो तापून फुटू शकतो.

दांडियाबाजार_८बिट

दाखल क्रमांक वस्तूवर कुठे टाकायचा? आणि विकली तर?

रावपुरा_रेट्रो

डिस्कवर काहीही चिकटवू नका, वेगात फिरताना तोल जातो. डबीत बुकलेटच्या क्लिपखाली कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने. कॅसेट झिप पाऊचमध्ये, क्रमांक पाऊचवर. थर्मल प्रिंटरची लेबलं आपल्याकडच्या उन्हाळ्यात पुसट होतात, बिलंही. बिलाचा फोटो आल्या दिवशीच काढा. विकलं तर ओळ खोडू नका, ‘गेली’ लिहून तारीख टाका. तो क्रमांक परत द्यायचा नाही.

फतेगंज_पिक्सेल

अ‍ॅपबद्दल: प्राइसचार्टिंग या जुन्या गेमचे भाव दाखवणाऱ्या साइटवरचे आकडे मुख्यतः परदेशातल्या विक्रीवरून असतात. आपल्याकडच्या भावाशी त्यांचा मेळ बसत नाही, अंदाजापुरते बघा. स्टीम, जीओजी, एपिक या ऑनलाइन दुकानांतल्या गेमसाठी विंडोजवर प्लेनाइट हे अ‍ॅप बेस्ट: फुकट आहे, खाती जोडली की यादी आपोआप भरते. ती एक्सेलमध्ये हाताने उतरवत बसू नका.

डबल खरेदीवर उपाय: यादी गुगल शीट्सवर ठेवून फोनमध्ये ‘ऑफलाइन’ करा. बाजारात नावाने शोधू नका, स्पेलिंग चुकतं. सिरियलचे शेवटचे पाच आकडे टाका.

आणि ताई/दादा, तळमजल्यावर राहत असाल तर खालचा कप्पा रिकामा ठेवा. २०१९ आणि २०२४ ला विश्वामित्री कुठवर आली ते ठाऊक आहेच. यादी आणि फोटो गुगल ड्राइव्हवर असू द्या. विम्याच्या दाव्यालाही तेच कामी येतात.