मदत हवी आहे: तुटलेलं अपलोड तिथूनच पुढे कसं न्यायचं?

नमस्कार मंडळी,

गावोगावचे कार्यकर्ते जात्यावरच्या ओव्यांचे व्हिडिओ मोबाइलवरून आमच्या नोड-एक्सप्रेस सर्व्हरवर पाठवतात. रेंज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. लोक कंटाळून नाद सोडतात, आणि त्या आज्यांचं गाणं फोनमध्येच राहतं.

म्हणून टस (tus) हा तुटलेलं अपलोड पुढे चालू ठेवण्याचा प्रोटोकॉल घेतला. त्यात एचटीटीपीच्या तीन विनंत्या: पोस्ट करून फाइलची नोंद, हेड विचारून किती बाइट पोचले ते कळतं, मग पॅचने पुढचा तुकडा. एका सर्व्हरवर झकास चालतं. पण लाइव्हला एन्जिनएक्समागे (येणाऱ्या विनंत्या वाटून देणारा सर्व्हर) दोन सर्व्हर आहेत आणि तुकडे ज्याच्या-त्याच्या डिस्कवर पडतात. नेट परत आलं की हेड दुसऱ्याच सर्व्हरला लागतो आणि ४०४ (फाइल सापडली नाही) मिळतो!

आयपी हॅशने, म्हणजे आयपी पत्त्यावरून सर्व्हर ठरवून, क्लायंट एकाच सर्व्हरला बांधता येईल, पण रेंज जाऊन परत आली की मोबाइलचा आयपी पत्ता तोच राहत नाही. एसथ्री (अॅमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) मल्टिपार्टमध्ये, म्हणजे फाइल भागाभागाने चढवताना, शेवटचा सोडून प्रत्येक भाग किमान ५ एमबी लागतो. कच्च्या नेटवर तो जड वाटतो. सामायिक डिस्क ठेवली तर दोन सर्व्हरांनी एकाच फाइलवर एकदम लिहू नये म्हणून लॉक कसं सांभाळायचं? रेडिसने (दोन्ही सर्व्हरांना वापरता येणारा मेमरीतला डेटाबेस) कुणी केलंय का?

शिवाय अर्धवट सोडलेल्या फाइली किती दिवसांनी पुसता? आमचे लोक कधी कधी आठवड्याने परत रेंजमध्ये येतात.