मदत हवी आहे : पाषाणातला चर हातब्रेकरने फोडावा की मिनी एक्स्कॅव्हेटरने?

कोथरूडमधील आमच्या जुन्या सोसायटीची ड्रेनेज लाइन बदलायची असून, त्यासाठी इमारत आणि कुंपणभिंत यांच्यामधल्या जेमतेम पाच फुटी बोळात चार फूट खोल चर खणायचा आहे. वरचा मुरूम मजुरांनी कुदळ-फावड्याने सहज काढला. मात्र अडीच फुटांखाली काळा पाषाण लागला असून तिथे पहार नुसती खणखणते आणि मूठभर कपच्याच निघतात. जेसीबी बोळात शिरणार नाही. गॅसची पाइपलाइन आणि वीजकेबल याच बोळातून जातात. त्यांच्या जागा संबंधितांकडून खुणा करून घेतल्या आहेत आणि तेवढ्या भागात यंत्र अजिबात लावायचे नाही, असे माझे ठाम मत आहे. सुरुंगाचा तर प्रश्नच नाही.

उरलेल्या भागात ब्रेकर लावलेला मिनी एक्स्कॅव्हेटर काम लवकर उरकेल, पण त्याच्या हादऱ्यांनी इमारतीच्या जुन्या दगडी पायाला धक्का बसेल अशी काळजी वाटते. विजेवरच्या हातब्रेकरचा हादरा कमी, पण वेळ आणि मजुरी जास्त. पुण्यात अशा पाषाणात, पायालगत काम करून घेतलेल्यांनी कृपया सांगावे : यंत्राचा ब्रेकर पायापासून किमान किती अंतरावर चालवावा, आणि हातब्रेकरचा दर घनफुटावर ठरवावा की रोजावर?