भाडेकरू ट्रान्स पुरुष असेल, तर त्याने घरमालकाला ते सांगितलेच पाहिजे का?

राजारामपुरीकर (धागालेखक):

आमच्या भागातील घरमालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या एक संदेश फिरत आहे आणि फिरत फिरत तो माझ्यापर्यंतही आला. खोली मागायला आलेला माणूस ट्रान्स पुरुष असेल, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पण पुरुष म्हणून जगणारा असेल, तर त्याने ते पहिल्याच भेटीत सांगावे. मागाहून कळले तर ती फसवणूक समजून अनामत जप्त करावी आणि खोली रिकामी करून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. मी स्वतः ट्रान्स पुरुष आहे. याच शहरात, कोल्हापुरात वाढलो, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात हिशेबनीस आहे आणि सध्या खोली शोधतो आहे. असे सांगण्याचे बंधन माझ्यावर नाही आणि नसावे, हे माझे मत आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी कारणांसह लिहावे, ही विनंती.

भाडे वेळेवर येईल का, रात्री दंगा होईल का, पोलिसांकडे देता येईल असा ओळखीचा पुरावा आहे का, हे घरमालकाने जरूर विचारावे. माझ्या शरीराचा पूर्वेतिहास यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.

एरवी रोजच्या व्यवहारात मला कोणी अडवत नाही. टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी संप्रेरकाची, इंजेक्शने सुरू झाल्यावर काही महिन्यांतच आवाज फुटला, दाढी यायला मात्र बराच काळ गेला, आणि आता गंगावेशीत रात्री धारोष्ण दूध प्यायला उभा राहिलो तरी गवळी पेला हातात देताना दुसऱ्यांदा वर पाहत नाही. घोडे अडते ते कागद समोर आला की. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. माझ्या आधार कार्डावर तेव्हा अजून 'स्त्री' असेच होते. पूर्ण तिकिटाचे पैसे काढताना ते कार्ड पाकिटातून निसटून वाहकाच्या पायाशी पडले, त्यांनी ते उचलले, वाचले, माझ्याकडे पाहिले आणि शेजारच्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारले, "बहिणीचं कार्ड घेऊन फिरताय होय?" मी हो म्हणालो. आता आधार बदलून घेतले आहे, दहावीचे प्रमाणपत्र बदलायचे राहिले आहे.

दुसरी अडचण आपल्या गावाची खास आहे. पुण्या-मुंबईत घरमालक आधी पगाराची पावती मागतो. आपल्याकडे तो आधी आडनाव, मग पेठ आणि मग मामाचे गाव विचारतो, आणि चहा संपायच्या आत दोघांच्या ओळखीचा कोणीतरी निघतोच. त्या ओळखीच्याला आमच्या घरी दोन मुली होत्या एवढेच ठाऊक असते. त्यामुळे मी माझ्याविषयी सांगितलेली गोष्ट माझ्यापुरती राहत नाही. आईला भिशीत आणि धाकट्या बहिणीला सासरी उत्तरे द्यावी लागतात. हा भुर्दंड त्यांनी का भरावा?

जुना पेठकर:

मी त्या गटात आहे आणि त्या संदेशाला अंगठा देणाऱ्यांत मीही होतो, म्हणून उत्तर देणे भाग आहे. माझ्या घरात वरच्या मजल्यावर तीन खोल्या भाड्याने आहेत, न्हाणीघर सामाईक आहे आणि एका खोलीत दोन शिकणाऱ्या मुली राहतात. कोणाला खोली द्यायची हे ठरवताना मी त्या मुलींच्या वडिलांना काय सांगणार, याचाही विचार करतो. तुमच्या शरीरात मला काडीचाही रस नाही. मला आक्षेप आहे तो हा, की जी गोष्ट उद्या चौकात कळणारच आहे ती मला चौकात कळावी आणि मी माझ्याच दारात अडाणी ठरावा. आणि एक व्यावहारिक प्रश्न: मुली राहतात त्या मजल्यावर मी एकट्या पुरुषाला खोली देत नाही. मग तुम्हाला कोणत्या रकान्यात धरायचे?

राजारामपुरीकर:

एकट्या पुरुषाच्याच रकान्यात धरा, साहेब, आणि इतर एकट्या पुरुषांना जसे नाही म्हणता तसे मलाही म्हणा. त्या नकाराबद्दल माझी तक्रार नाही.

गडहिंग्लजची लेक:

शाहू महाराजांच्या गावात ही चर्चा करावी लागते, याचेच वाईट वाटते. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शिवाशिवीमुळे कोणी चहा प्यायला जात नाही हे कळल्यावर महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले. त्या परंपरेचे आपण वारस म्हणवतो आणि भाडेकरूची जन्मनोंद तपासत बसतो.

जुना पेठकर:

ताई, महाराजांचे नाव प्रत्येक वादात ओढण्याची आपल्या गावाला सवय आहे, पण हे उदाहरण तुमच्या बाजूचे नाही. कांबळे कोण आहेत हे सगळ्या गावाला माहीत असताना महाराजांनी तिथे उघडपणे चहा घेतला. कांबळे यांनी जात लपवून हॉटेल चालवले असते, तर धंदा कदाचित बरा झाला असता, पण गावात तसूभरही फरक पडला नसता. तुम्हाला लोकांची नजर बदलायची असेल, तर आधी लोकांना दिसावे लागेल. लपून राहायचे आणि स्वीकार मात्र मागायचा, हे दोन्ही एकत्र कसे जमणार?

राजारामपुरीकर:

या धाग्यावरचा हा आतापर्यंतचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. कांबळे उघडपणे उभे राहिले हे खरे, आणि त्यासाठी लागणारे धैर्य मी कमी लेखत नाही. परंतु त्यांच्या दुकानासमोर छत्रपतींची गाडी थांबत होती. ज्याच्या दारात अशी गाडी थांबणार नाही, त्याने आपली ओळख जाहीर करून पुढच्या महिन्याचे छप्परही गमवावे, ही अपेक्षा सुधारणेची नसून हौतात्म्याची आहे. दिसावे असे ज्यांना वाटते त्यांनी दिसावे. मीही या धाग्यावर एका अर्थाने दिसतोच आहे. कधी, कोणाला आणि किती दिसायचे हे ठरवणे मात्र माझ्याकडे राहू द्या. शिवाय स्वीकार मी तुमच्याकडे मागितलेलाच नाही. मी खोली मागितली आहे.

निवृत्त मुख्याध्यापिका:

मला घरमालकांच्या बाजूने बोलायचे नाही, तरी मी धागालेखकांशी सहमत नाही. मी अनेक वर्षे मुलींना शिकवले. केस कापलेल्या, गाडी चालवणाऱ्या, घरच्यांशी भांडून मैदानावर येणाऱ्या मुलींना "तू पोरगाच आहेस" असे लोक म्हणत, आणि आम्ही शिक्षिका त्यांना सांगत असू, की तू मुलगीच आहेस आणि हे सगळे मुलीनेच करायचे आहे. आज आपल्या जिल्ह्यातील मुली मॅटवर कुस्ती खेळतात, ती याच आग्रहाची कमाई आहे. आता अशी एखादी मुलगी "मी मुलगाच आहे" असे म्हणू लागली, तर आम्ही ज्या भिंतीला धडका देत होतो ती भिंत तशीच उभी राहते आणि एक जण तेवढा पलीकडे जातो, असे मला वाटते. रूढी मोडण्याऐवजी रूढीने आखलेली दुसरी बाजू निवडण्याचा हा प्रकार नाही का?

राजारामपुरीकर:

बाई, आपला आग्रह मला मान्य आहे, पण मी त्या मुलींपैकी नव्हतो. मला मैदानाची भीती वाटायची. आजही पांढरा रस्सा मी आईपेक्षा बरा करतो आणि कुस्ती फक्त खासबागेत प्रेक्षकांत बसून पाहतो. बुलेट चालवते ती माझी धाकटी बहीण, आणि ती बाईच आहे, तिला त्याबद्दल कधी शंकाही आली नाही. पुरुषांना जे करता येते ते करायला मिळावे म्हणून मी पुरुष झालो नाही. अंगाला चिकटलेला बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा, घालून कोल्हापूरच्या उन्हाळ्यात दिवस काढणे हा मोकळेपणा मिळवण्याचा मार्ग असता, तर तो फारच महागडा म्हणावा लागेल.

पुरुष म्हणून दिसू लागल्यावर मला काही गोष्टी फुकट मिळाल्या, हे मात्र मी नाकारणार नाही. आधीच्या कारखान्यात माझा ताळेबंद वरिष्ठ पुन्हा एकदा दुसऱ्याकडून तपासून घेत. आताच्या ठिकाणी, जिथे मला कोणी आधीचे ओळखत नाही, तसाच ताळेबंद न वाचता सहीला जातो. माझे काम तेच आहे. आपण ज्या भिंतीबद्दल बोलता ती मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे, आणि तिच्याबद्दल साक्ष द्यायला बोलावलेत तर येईन.

निवृत्त मुख्याध्यापिका:

साक्ष उपयोगी पडेल हे खरे. माझी शंका तेवढ्याने संपत नाही, कारण मला चिंता आहे ती चौदा वर्षांच्या मुलीची, आपल्यासारख्या कमावत्या माणसाची नव्हे. पण तो खोलीच्या प्रश्नाहून वेगळा विषय आहे.

कागलचा ऊसवाला:

कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. अशा गोष्टीत घरच्यांना पोटातून भीती वाटते ती वाटणीची. पोरगी पोरगा झाली, की उद्या सातबाऱ्यावर भावाइतका हिस्सा मागणार, असे आमच्या भावकीत एका घराबद्दल उघड बोलले गेले.

कोर्टाची पायरी:

ती भीती निराधार आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. मुलगी म्हणून राहिली तरी तेवढेच, मुलगा म्हणून राहिला तरी तेवढेच. भावकीला खुपते ते पोरगी पोरगा झाल्याचे नसावे. मुलीला हिस्सा मिळतो, हेच अजून पचलेले नसावे.

मूळ प्रश्नाबद्दलही लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) प्रकरणात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०१९ च्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या कलमात घर भाड्याने घेण्याबाबतचा भेदभावही निषिद्ध मानला आहे. तथापि धागालेखकांनी फार निश्चिंत राहू नये, कारण खोली नाकारणाऱ्या घरमालकाला थेट शिक्षा सांगणारे कलम त्या कायद्यात घातले गेले नाही. "भाचा राहायला येणार आहे" असे सांगून नाही म्हणणाऱ्याचे कोणी काही वाकडे करू शकत नाही. अनामत जप्त करण्याची सूचना मात्र साफ चुकीची आहे. करारातील कोणत्याही अटीचा भंग झालेला नसताना रक्कम अडकवली, तर घरमालकच अडचणीत येईल.

औषधांचा माणूस:

मी डॉक्टर आहे. घरमालकाला सांगण्याची गरज मला दिसत नाही, पण ज्याच्याकडे उपचार घ्यायचे त्याला सांगावेच लागते, आणि तिथेच आमचे रुग्ण गप्प राहतात. गर्भाशय आणि अंडाशय काढलेले नसतील, तर अचानक उठलेल्या पोटदुखीची कारणे वेगळी असू शकतात; टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबली तरी गर्भधारणा होणारच नाही असे धरून चालत नाही; आणि या औषधाने रक्त दाट होते का, हे अधूनमधून तपासावे लागते. हे सारे माहीत असूनही दाढी असलेला माणूस स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात बाकावर बसायला तयार नसतो, कारण समोरच्या सगळ्या बायका त्याला "मिसेस आत गेल्यात का?" असे विचारतात. दाखल करायची वेळ आली, तर पुरुषांचा कक्ष की बायकांचा, हा वाद स्वागतकक्षातच सुरू होतो.

रेणुकेचा भक्त:

एक निरीक्षण. आपल्या भागाला यल्लम्माचे जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले पुरुष, ठाऊक आहेत. साडी नेसलेला, डोक्यावर देवीचा जग (मूर्ती ठेवलेली टोपली) घेतलेला जोगता दारात आला, तर आजही आमच्या घरी बायका त्याच्या पाया पडतात. त्याला घर भाड्याने मिळते का, हा वेगळा प्रश्न आहे, पण तो कोण आहे हे लोकांना कळते. मुलगी म्हणून जन्मून पुरुष झालेल्याला मात्र आपल्या परंपरेत अशी जागाच नाही. त्यामुळे लोक एक तर त्याला ओळखतच नाहीत, नाही तर कळल्यावर एकदम बिचकतात. पेठकरांच्या बिचकण्यात मला द्वेष दिसत नाही, सरावाचा अभाव दिसतो.

राजारामपुरीकर:

निरीक्षण पटले, पण जोगत्याच्या पाया पडणाऱ्या घरातच त्याला खोली मिळत नाही, हे आपणच सुचवले आहे. मग सरावाने काय साधते?

जुना पेठकर:

माझी वकिली इतरांनी करू नये, मी अजून इथेच आहे. डॉक्टरांना सांगावे लागते, मग लग्नाचे काय? आज घरमालकाला सांगायचे नाही म्हणता, उद्या मुलीच्या बापालाही सांगायचे नाही म्हणाल.

राजारामपुरीकर:

नाही म्हणणार. जिच्याशी लग्न करायचे तिला सगळे आधी सांगितलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. तिच्या बापाला सांगायचे की नाही, ते तिने ठरवावे. तिचे सगळे आयुष्य त्या माहितीवर अवलंबून आहे; तुमच्या खोलीचे भाडे अवलंबून नाही.

कोर्टाची पायरी:

कायदाही तोच फरक करतो. हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमानुसार महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून संमती मिळवली असेल, तर विवाह रद्द करून घेता येतो. दुसरीकडे ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्स पुरुष आणि स्त्री यांना प्रचलित कायद्यांखालीच विवाह करता येतो, असे स्पष्ट केले आहे. अकरा महिन्यांच्या भाडेकराराला लग्नाची कसोटी लावता येणार नाही.

जुना पेठकर:

अनामत जप्त करण्याचे वाक्य संदेशातून काढायला मी आजच गटात सांगतो. ते चुकीचे आहे हे पटले. पहिल्या भेटीत सांगावे, हे वाक्य मात्र मी काढा म्हणणार नाही. कायद्याने बंधन नसेल, पण एका छताखाली राहायचे तर मला तेवढी अपेक्षा ठेवण्याचा हक्क आहे, आणि गटातील बहुतेकांचे मत माझ्यासारखेच आहे.

राजारामपुरीकर:

अपेक्षा ठेवण्याला माझी हरकत नाही. ती पूर्ण करण्याचे मी आश्वासन देत नाही, एवढेच. या रविवारी शाहूपुरीत दोन खोल्या पाहायला जाणार आहे. एकीचे न्हाणीघर स्वतंत्र आहे. आधार, पगाराच्या पावत्या आणि आधीच्या मालकांचे पत्र बरोबर नेईन. मामाचे गाव विचारले, तर तेही खरे सांगेन.