मदत हवी आहे: औषध पोटात जातंय की नाही, कसं ओळखावं?

नमस्कार मंडळी. एचआयव्हीच्या एका रुग्णाचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, दर मिलिलिटरमागे) दोनदा १००० च्या वर आलाय. गोळ्यांचा हिशेब मात्र चोख, डबी रिकामी! तपासणीआधी दोन-चार दिवसच गोळ्या घेणारेही असतात, आणि लघवीतलं टेनोफोविर (त्या गोळ्यांतलं एचआयव्हीचं औषध) तेवढ्यानेही दिसतं. त्यापेक्षा कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातलं टेनोफोविर डायफॉस्फेट (त्याच औषधाचं पेशींत तयार होणारं रूप) बरं. त्याचं अर्धायुष्य (प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ) सुमारे १७ दिवस, म्हणजे मागच्या काही आठवड्यांचा अंदाज येतो. पण ते मोजायचं मास स्पेक्ट्रोमेट्रीचं यंत्र आमच्याकडे कुठलं! फ्रीजचाही भरवसा नाही.

असे नमुने लांबच्या प्रयोगशाळेत कोणी पाठवलेत का? दमट हवेत सिलिका जेलची पुडी पुरते का? आणि रुग्णाला रक्तक्षय असेल तर आकडा कसा वाचता? रुग्णावर उगाच खोटेपणाचा आळ नको. क्षयाच्या काही औषधांनी एचआयव्हीच्या औषधांवर परिणाम होतो, पण ती सुरू नाहीत, ते विचारून झालंय.