पेट्रोलचा भाव रस्त्यावरूनच दिसायला नको का?

भटक्या
परवा नाशिकहून परभणीला चाललो होतो. वाटेत एका पंपावर गाडी घातली आणि भाव कुठे लिहिलाय ते शोधत बसलो. सापडला एकदाचा, हवा भरायच्या मशीनमागे, काळ्या फळ्यावर खडूने, तारीख तीन दिवसांपूर्वीची. मशीनच्या काचेवर इतके ओरखडे की 4 आहे का 9 ते कळेना. पोरगा म्हणतो, "साहेब, झीरो बघा." झीरो बघितला. भाव पावतीवर कळला. अहो, भाजीवालीसुद्धा जुडी पिशवीत टाकायच्या आधी भाव सांगते! गाडी वळवायच्या आधी वाचता येईल असा मोठा फलक सक्तीचा करा.

मुळामुठा
वाचून करणार काय? एका गावात तिन्ही सरकारी कंपन्यांच्या भावात फरक पडून पडणार तो पैशांत. पलीकडच्या पंपासाठी यू-टर्न माराल त्यात तेवढं जळेल. भाव ॲपवर दिसतो, घरून बघून निघा. उगाच फलकांची गर्दी कशाला?

परभणीकर
गावात नसेल, गावागावांत आहे ना! आमचा टँकर मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून येतो, ते भाडं आमच्याच लिटरात. नाशिकलाच टाकी फुल केली असती तर भटक्याचे लिटरमागे दीड-दोन रुपये वाचले असते. आकड्यांचं म्हणाल तर 2021 मध्ये शंभरी आली तेव्हा भोपाळकडे काही जुन्या मशीनवर तीन आकडी भाव बसेचना, प्रीमियमची विक्री थांबवावी लागली. भाव वाढेल हे मशीन बनवणाऱ्यालाही वाटलं नव्हतं.

नोझल
आमचा पंप आहे, म्हणून बोलतो. पूर्वी भाव पंधरवड्याला बदलायचा. 16 जून 2017 पासून रोज सकाळी सहाला नवा भाव लागू होतो, बदल असो वा नसो. आमच्याकडे तो वरूनच थेट मशीनमध्ये येतो. फळ्यावर शिळी तारीख ठेवणारा आळशी, त्याची तक्रार जरूर करा. पण भाव आम्ही ठरवत नाही, आम्हाला लिटरमागे ठरलेलं कमिशन. शिव्या मात्र आमची पोरं खातात. आणि भावावरून भांडणारे मापाचं कधी विचारत नाहीत. वैधमापनचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर असतं, मागा की. त्याऐवजी 110 चं टाकून आपण फार हुशार, असं समजणारेच जास्त.

जर्सीची काकू
इथे न्यू जर्सीत फलक लांबून दिसतो हो, पण तो बघा कसा! 3.09 डॉलर मोठ्ठं, शेजारी बारीक 9/10, म्हणजे वर सेंटचे नऊ दशांश. झाले की 3.10 च. त्यातही कित्येक ठिकाणी मोठा आकडा रोखीवाल्यांचा, कार्डाचा भाव वेगळा. फलक मोठा केला म्हणून काय खरं बोलतो?

भटक्या
काकू, तुमचं खोटं निदान लांबून वाचता तरी येतं. आणि मुळामुठा, खासगी कंपनीच्या पंपावर कधी शिरलात का? तिथे फरक रुपयांतही असतो. नोझल टाकीत गेल्यावर कळून काय उपयोग?

मुळामुठा
शिरलो होतो एकदा. शंभरचं टाकलं आणि निघालो. तिथला भाव ॲपवर नव्हता, हे मान्य.