नडगीवरच्या त्वचेच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि एचबीए१सी ८.९ : थांबावं का?

वाकडकर
वडील ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. डाव्या नडगीवर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आहे, बायोप्सीत नक्की झालंय. दहा दिवसांनी गाठ काढून मांडीच्या कातडीचा ग्राफ्ट लावणार आहेत. एचबीए१सी ८.९, उपाशीपोटी साखर १७० ते १९०. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. घरचे म्हणतात, आधी साखर उतरवा, नाहीतर जखम चिघळेल. तारीख पुढे ढकलावी का? घरी काय सांभाळायचं?

शस्त्रक्रिया_विभाग
आपल्या मनाने ढकलू नका. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगतो, दहा दिवसांत तो फारसा हलत नाही. तो ८ च्या खाली आणा असं सांगतात ते मुख्यतः थांबता येईल अशा ऑपरेशनसाठी. ही गाठ तुमच्या साखरेसाठी थांबणार नाही. रोजची साखर मात्र दहा दिवसांत नक्की सुधारते, आणि जंतुसंसर्गाच्या दृष्टीने त्याचा खरा उपयोग आहे. साखर सतत २०० च्या पुढे राहिली की पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोचायला आणि त्यांना गिळायला कमी पडतात. ऑपरेशनच्या आधीच्या काही तासांत ती १०० ते १८० मध्ये हवी.

डापाग्लिफ्लोझिनबद्दल आजच फोन करा. उपाशी ठेवून भूल देणार असतील तर ही गोळी साधारण ३ दिवस आधी बंद करतात, कारण तिच्यामुळे साखर फार वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्लं साचणं) होऊ शकतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागली आणि ग्लुकोमीटर १६० दाखवतोय म्हणून निर्धास्त राहिलात तर फसाल. कीटोन तपासायला सांगा. गोळी बंद झाली की साखर चढते, म्हणून मधल्या दिवसांत बदली औषध किंवा इन्सुलिन काय, हे लिहून घ्या.

नडगीची जागा नाजूक आहे. कातडी ताणलेली, खाली लगेच हाड, रक्तपुरवठा बेताचा, त्यात ग्राफ्ट. चेहऱ्यापेक्षा इथे जखम चिघळण्याचा धोका बराच जास्त. पावलाच्या नाड्या तपासल्या का, विचारा. हाताला लागत नसतील तर आधी डॉपलर (पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी) करून घ्यावा. प्रतिजैविक लागलंच तर चीर देण्याआधीच्या तासाभरात एक डोस देतात. घरात उरलेल्या गोळ्या नंतर सुरू करू नका.

ड्रेसिंग_रूम
ग्राफ्टवरचं घट्ट बांधलेलं ड्रेसिंग साधारण ५ ते ७ दिवस उघडायचं नाही. ग्राफ्ट खालच्या मांसाला चिकटून तिथूनच रक्त घेतो. जरा सरकला किंवा खाली रक्त साचलं की तेवढा भाग काळा पडतो, आणि मेलेल्या कातडीवर जंतू वाढतात. आंघोळ अंग पुसून. पुण्याच्या पावसात दुचाकीवरून ड्रेसिंगला नेऊ नका: पाय लोंबतो, वर पाणी उडतं. रिक्षात पाय आडवा ठेवून न्या.

घरी पाय उशीवर, पण टाच उशीच्या बाहेर अधांतरी राहू द्या. मधुमेहात टाचेवर दाब पडून दुसरी जखम होते, आणि ती कळतही नाही. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. उकिडवं बसलं की नडगीवर ताण येतो.

दुखण्याच्या भरवशावर राहू नका, पायाच्या नसा बधिर असतील तर पू होऊनही दुखत नाही. ड्रेसिंग उघडल्यावर रोज त्याच उजेडात फोटो काढा. लाली दिसली तर तिच्या कडेला पेनने रेघ मारा. रेघेबाहेर पसरली तर त्याच दिवशी दाखवा. वास, पू, गरमपणा, ताप यांचंही तेच. आणि पथ्य, औषध तेच असताना साखर अचानक चढली तर जखमेकडे बघा. बऱ्याचदा पहिली खूण तीच असते.

वाकडकर
हळद किंवा निओस्पोरिन पावडर? बेटाडीन? आणि गणपतीत पाहुणे येणारच.

ड्रेसिंग_रूम
हळद नको. पावडरीची खपली बसते, खाली ओल कोंडते. त्यातल्या निओमायसिनची अ‍ॅलर्जी झाली की ती लाली जंतुसंसर्गासारखीच दिसते. बेटाडीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतले तर नवी पेशीही मरते. सर्जननी परवानगी दिल्यावर साबण-पाणी, वर व्हॅसलिनचा पातळ थर, स्वच्छ गॉज. ड्रेसिंगआधी २० सेकंद हात धुवा.

पाहुण्यांना पायाशी बसू देऊ नका. मोदक-गुळाचे हात न धुता साखर मोजली तर आकडा खोटा वाढलेला येतो आणि त्यावरून इन्सुलिन जास्त जातं. ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

शस्त्रक्रिया_विभाग
एक राहिलं. जांघेत गाठ लागली तर ती जखमेच्या जंतुसंसर्गाने आलेली असू शकते, किंवा कॅन्सर पसरल्याची. प्रतिजैविकाचा कोर्स संपवून बघू असं घरी ठरवू नका, सर्जनना हाताने तपासू द्या. पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्टही मागून घ्या आणि कडा मोकळ्या आहेत का ते विचारा. कडेला कॅन्सर उरला असेल तर पुन्हा कापावं लागू शकतं, आणि साखरेचं हे सगळं वेळापत्रक तेव्हाही लागेल.